सार्डिनियाचे सॅलमँडर: पाच प्रजाती की नावांची हौस?

गुहेकरी
इटलीच्या सार्डिनिया बेटावर गुहांत राहणारे सॅलमँडर आहेत. दिसायला पालीसारखे, नात्याने बेडकाजवळचे. (आपल्याकडे बघायचे तर दार्जिलिंग गाठावं लागतं.) एवढ्याशा बेटावर शास्त्रज्ञ यांच्या पाच प्रजाती मोजतात! त्यातला सर्राबुस भागातला सॅलमँडर २००१ मध्ये इम्पेरिअलिस या दुसऱ्या प्रजातीची उपप्रजाती म्हणून नोंदला गेला, पुढे मायटोकॉन्ड्रियाचा (पेशीतल्या ऊर्जाघराचा) डीएनए बघून स्वतंत्र प्रजाती म्हणून बढती मिळाली. मला हे पटत नाही. हा डीएनए फक्त आईकडून येतो. जन्मभर एकाच कपारीत बसणाऱ्या प्राण्याच्या वंशावळी डोंगरागणिक वेगळ्या निघणारच. या हिशेबाने माझं आजोळही वेगळी प्रजाती.

ओलकपार
आजोळाचा मुद्दा अर्धाच खरा. सुप्रामोन्ते डोंगराळ भागातली प्रजाती १९८६ मध्ये वेगळी काढली ती प्रथिनांवरून, आणि त्या प्रथिनांची जनुकं आईबाप दोघांकडून येतात.

शिवाय प्राणी बघा. याला फुप्फुसंच नाहीत, श्वास कातडीतून. कातडी वाळली की संपलं. पाण्यातली पिल्लावस्थाही नाही, जमिनीवरच्या अंड्यातून थेट छोटा सॅलमँडर बाहेर येतो, म्हणजे ओढ्यासोबत वाहत पलीकडे जायचीही सोय नाही. अशाला काम्पिदानोचं कोरडं मैदान समुद्रासारखंच. त्या मैदानाच्या नैर्ऋत्येला राहणारी जेनेई ही प्रजाती उरलेल्या चौघांपासून सगळ्यात दूरची निघते, यात नवल काय?

हिशेबी
मला जनुकांपेक्षा कागदाची काळजी. युरोपच्या १९९२ च्या अधिवास संरक्षण कायद्याच्या यादीत इम्पेरिअलिस आहे. सर्राबुस कुठून असणार, तेव्हा ते नावच नव्हतं. म्हणजे वेगळी चूल मांडली आणि रेशनकार्डावरून नाव गेलं!

आणि मोजपट्टी तरी एक ठेवा. स्पेनमधल्या गॅलिसियाची ओन्स आणि सान मार्टिन्यो ही बेटं हिमयुगानंतर समुद्र चढला तेव्हा तुटली, म्हणजे गेल्या दहाएक हजार वर्षांत. तिथे पाण्याची वानवा, म्हणून तिथल्या सॅलमँडर माद्या पाण्यात अळ्या न सोडता पूर्ण वाढलेली पिल्लंच जन्माला घालतात. एवढा फरक पडूनही त्यांना कोणी मुख्य भूमीवरच्यांपासून वेगळी प्रजाती म्हणत नाही.

ओलकपार
@हिशेबी, कागदाचा मुद्दा बिनतोड, पण मग कागद दुरुस्त करा ना. गॅलिसियाचं उदाहरण मात्र तुमच्यावरच उलटतं. तिथली फारकत कालपरवाची, इथली लाखो वर्षांची. नाव द्या न द्या, दोन्हीकडची वंशरेषा जपायलाच हवी. कातडी खाणारी बुरशी युरोपात शिरली आहे. या मंडळींच्या मुख्य भूमीवरच्या एका भाऊबंदाला तिने प्रयोगशाळेत मारलंय. ती सार्डिनियातल्या मोन्ते आल्बो डोंगराला पोचली, तर तिथल्या फ्लावुस प्रजातीला दुसरा डोंगर नाही.

गुहेकरी
बरं, चार मान्य. सर्राबुसवर मी अजून अडूनच आहे.

हिशेबी
अडा खुशाल. तोवर त्याचं रेशनकार्ड कोण काढतंय ते सांगा.