डिस्नीला आपली रेषा पुन्हा सापडेल का?

रेषावेडा (जुळे सोलापूर) यांचा प्रश्न

नमस्कार. मी लहान मुलांचा चित्रकलेचा वर्ग घेतो. मागच्या महिन्यात मी मुलांना डिस्नीचे आपले सर्वांत आवडते पात्र काढायला सांगितले, तेव्हा वर्गातल्या बावीस मुलांपैकी एकानेही स्वतःच्या जन्मानंतर निर्माण झालेले पात्र काढले नाही. मिकी तर त्यांच्या पणजोबांच्या पिढीचा, १९२८ सालचा. सर्वांत 'नवी' म्हणून जी आली ती एल्सा, आणि तिलाही आता दहा वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. नव्वदच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर हिंदीतून लागणारे स्क्रूजकाका पाहण्यासाठी नळाचे पाणी सोडून धावणाऱ्या पिढीतला मी आहे, त्यामुळे हा विषय मला थोडा लागतो, हे आधीच कबूल करतो.

१६ ऑक्टोबर १९२३ रोजी सुरू झालेल्या या कंपनीने शतकपूर्तीच्या वर्षी 'विश' हा चित्रपट काढला, त्यात आपल्याच जुन्या चित्रपटांच्या खुणा जागोजागी पेरल्या, आणि तरीही प्रेक्षकांनी त्याकडे पाठ फिरवली. माझा प्रश्न असा की, उद्या तुमच्या हाती सूत्रे दिली तर तुम्ही कामाच्या पद्धतीत नेमका कोणता बदल सर्वांत आधी कराल? 'सगळा पैशाचा खेळ आहे' एवढे एकच वाक्य लिहून कृपया थांबू नये. ते मलाही ठाऊक आहे.

नक्षीकार (पूर्व भाग) यांचे उत्तर

सर, आपला प्रश्न वाचून मला आमच्या धंद्याची आठवण झाली. माझे वडील चादरीची नक्षी ग्राफच्या कागदावर चौकट चौकट भरून काढत असत, त्यावरून जॅकार्डची (मागावर नक्षी उतरवणाऱ्या यंत्राची) पुठ्ठ्याची कार्डे पंच होत, आणि मग माग चाले. मी तेच काम आज संगणकावर करतो. डिस्नीचे चाहते जेव्हा 'संगणक आला आणि हाताची कला संपली' असे म्हणतात तेव्हा मला ते पटत नाही, कारण नक्षी मरते ती संगणकामुळे नाही. व्यापारी 'मागच्या वर्षी चाललेला मोरच पुन्हा द्या, फक्त रंग बदला' असे सांगू लागला की ती मरते. डिस्नीचे गाजलेल्या जुन्या चित्रपटांचे नवे अवतार म्हणजे हाच रंग बदललेला मोर आहे.

माझ्या मते या कंपनीची खरी ताकद टाकून देण्याच्या धैर्यात होती. सुटे कागद भिंतीवर क्रमाने टाचून गोष्ट आधी डोळ्यांनी वाचायची ही पद्धत तिथेच १९३०च्या दशकात रूढ झाली. तिचा मुख्य फायदा हा की टाचणी काढली की कागद फेकता येतो, आणि त्यात फार पैसा बुडत नाही. 'पिनोकिओ'चे काम तर काही महिने झाल्यानंतर वॉल्ट डिस्ने यांनी थांबवले, कारण नायक फार लाकडी आणि नावडता वाटत होता. मग त्याचे रूप बदलले आणि रातकिड्याला गोष्टीत मोठी जागा मिळाली. संगणकावर ॲनिमेशनपट करणाऱ्या पिक्सार स्टुडिओनेही हेच केले. १९९३च्या नोव्हेंबरमध्ये 'टॉय स्टोरी'चे कच्चे चित्रण डिस्नीच्या लोकांना दाखवले गेले तेव्हा त्यातला नायक, वूडी हा खेळण्यातला बाहुला, इतका खडूस होता की काम थांबवून पटकथा नव्याने लिहावी लागली. चित्रपट दोन वर्षांनी, १९९५मध्ये आला. 'फ्रोझन'मधली एल्सासुद्धा आधी खलनायिका होती. तिच्यासाठी रचलेले गाणे ऐकल्यावर तिला खलनायिका ठेवणे अशक्य झाले आणि गोष्टच फिरली.

याच्या उलट 'मोआना'चा दुसरा भाग पाहा. तो ओटीटीवरील मालिका म्हणून सुरू झाला, २०२४च्या फेब्रुवारीत त्याचा चित्रपट होणार असे जाहीर झाले, आणि नोव्हेंबरमध्ये तो पडद्यावर आला. इतक्या वेळात शिवण उसवून पुन्हा घालता येत नाही. फार तर इस्त्री करता येते. म्हणून माझा पहिला बदल एकच असेल: गोष्ट पक्की झाल्याशिवाय प्रदर्शनाची तारीख जाहीर करायची नाही.

हिशोबनीस (सात रस्ता) यांचे उत्तर

नक्षीकार यांची उपमा सुंदर आहे, पण व्यापाऱ्याला एकट्यालाच दोष देणे मला अन्यायाचे वाटते, कारण तो मोर विकत कोण घेतो? 'मोआना'च्या ज्या दुसऱ्या भागाला आपण इस्त्री म्हटले त्याने जगभरात १ अब्ज डॉलरहून अधिक कमाई केली. २०१९च्या 'लायन किंग'च्या नव्या अवताराने १.६ अब्जांहून अधिक मिळवले. आणि २०२५मध्ये पिक्सारने 'एलिओ' ही पूर्णपणे नवी गोष्ट आणली, तेव्हा तिला कंपनीच्या इतिहासातील सर्वांत कमजोर सुरुवातींपैकी एक मिळाली. आम्ही चाहते लेखांतून नवेपणा मागतो आणि तिकीट मात्र ओळखीच्या नावाचे काढतो. (मीही नातवंडांना घेऊन ओळखीच्या नावालाच गेलो होतो, हे लपवत नाही.)

माझे निरीक्षण वेगळे आहे. ही कंपनी जेव्हा जेव्हा बहरली तेव्हा तिच्या डोक्याशी दोन माणसे होती, एक स्वप्न पाहणारा आणि एक हिशोब सांभाळणारा, आणि दोघांचा एकमेकांवर विश्वास होता. वॉल्ट आणि त्यांचे थोरले बंधू रॉय ही पहिली जोडी. वॉल्ट १९६६मध्ये गेल्यानंतर स्टुडिओ बराच काळ चाचपडत राहिला. १९८४मध्ये मायकेल आयझनर (प्रमुख) आणि फ्रँक वेल्स (अध्यक्ष) आले, आणि १९८९ ते १९९४ या काळात 'लिटल मरमेड'पासून 'लायन किंग'पर्यंत जे घडले ते आपण सगळे जाणतो. १९९४च्या एप्रिलमध्ये वेल्स हेलिकॉप्टर अपघातात गेले, त्याच वर्षी चित्रपट विभागाचे प्रमुख जेफ्री कॅट्झेनबर्गही बाहेर पडले, आणि आयझनर एकटे उरले. पुढे रॉय यांचे चिरंजीव रॉय ई. डिस्ने यांनी २००३मध्ये संचालक मंडळाचा राजीनामा देऊन कंपनी वाचवण्याची जाहीर मोहीम उघडली, आणि २००४च्या सभेत ४० टक्क्यांहून अधिक मते आयझनर यांच्या विरोधात गेली. चाहत्यांच्या मोहिमेने काही होत नाही असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे, मात्र त्या मोहिमेच्या हाती समभाग होते, हेही विसरू नये.

आयझनर यांच्यानंतर प्रमुख झालेल्या बॉब आयगर यांनी काय केले? हाँगकाँगच्या डिस्नीलँडच्या उद्घाटनाची मिरवणूक पाहताना, मागच्या दहा वर्षांतली पात्रे जवळपास सगळी पिक्सारचीच आहेत, हे त्यांच्या ध्यानात आले, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. २००६मध्ये त्यांनी ७.४ अब्ज डॉलरला पिक्सार घेतले आणि डिस्नीच्या स्वतःच्या ॲनिमेशनची धुराही तिथल्या एड कॅटमल आणि जॉन लॅसेटर यांच्याकडे सोपवली. पैसा होता, पण विकत घेतली ती काम करण्याची रीत. त्यानंतर मार्व्हल, लुकासफिल्म आणि २०१९मध्ये ७१ अब्ज डॉलरचे फॉक्स घेतले, तेव्हा विकत घेतली ती मुख्यतः नावे. मला वाटते घसरण या दोन प्रकारच्या खरेद्यांच्या फरकात आहे.

दौत (नवी पेठ) यांचे उत्तर

दोघांचेही मुद्दे वाचले. माझी एक अडचण आहे, ती थोडी कडू वाटली तर क्षमा असावी. 'जुना आत्मा परत आणा' असे आपण सगळे म्हणतो, पण तो जुना आत्मा कोणासाठी होता? १९३८चे एक पत्र आजही इंटरनेटवर फिरते. काम मागणाऱ्या एका मुलीला त्यात स्टुडिओने कळवले आहे की, पडद्यासाठी चित्रे तयार करण्याचे सर्जनशील काम केवळ तरुण पुरुष करतात, आणि स्त्रियांसाठी जे काम आहे ते शाईने रेषा गिरवण्याचे आणि रंग भरण्याचे. डिस्नीच्या चित्रकार मेरी ब्लेअर यांच्यासारख्या एखाद्या बाईंनी स्वतःच्या रंगांनी चित्रपटांचे रूप बदलले, ते या भिंतीला न जुमानता. शिवाय १९४१मध्ये तिथल्या कलाकारांनी संप केला, त्याची कारणे पगार, श्रेयनामावली आणि वागणूक हीच होती. गिरणीच्या भोंग्यावर आणि संपांवर वाढलेल्या या गावाला ते वेगळे समजावून सांगायला नको.

हिशोबनीस काकांनी ज्या लॅसेटर यांचे नाव घेतले, त्यांनाही सहकाऱ्यांशी केलेल्या वर्तनाबद्दलच्या तक्रारींनंतर २०१८मध्ये कंपनी सोडावी लागली. एकाच गुरूच्या नजरेवर सगळा डोलारा उभा राहिला की असे होते, म्हणून जोडी असो वा एकटा, मला वरच्या माणसांच्या शोधात फार रस नाही. मी पैसे खाली, शिकण्याच्या जागेत घालीन. 'सिली सिम्फनी' या मालिकेत १९२९पासून दहा वर्षे डिस्नीने जे लघुपट केले, ती खरे तर त्यांची शाळाच होती. तीन रंगांचे नवे टेक्निकलर तंत्र आधी १९३२च्या एका लघुपटात तपासले गेले. चित्रांचे थर एकावर एक ठेवून खोली दाखवणारा बहुस्तरीय कॅमेराही १९३७मध्ये आधी एका लघुपटात वापरला, आणि मगच 'स्नो व्हाइट' लोकांसमोर आली. त्या लघुपटाचे नाव 'द ओल्ड मिल', म्हणजे आपल्या भाषेत 'जुनी मिल'! आपल्या सोलापूरच्या जुन्या मिलशी, म्हणजे कापडगिरणीशी, त्याचा काही संबंध नाही, ती पवनचक्की आहे, पण एका पडक्या मिलमध्ये वादळी रात्र काढणारे पक्षी आणि उंदीर पाहून सोलापूरकराच्या मनात जे येते ते इतर कोणाच्या मनात येईल असे वाटत नाही.

नक्षीकार यांचे पुन्हा

दौतताई, पत्राबद्दल वाचून वाईट वाटले. आमच्याकडेही नक्षी पुरुषाच्या नावावर आणि कांडी भरण्याचे काम घरातल्या बायकांकडे, हेच चालत आले आहे. लघुपटांचा मुद्दा मान्य. पण एक शंका राहते. शतकपूर्तीच्याच वर्षी कंपनीने जो छोटा लघुपट काढला, ज्यात जुनी पाचशेहून अधिक पात्रे भिंतीवरच्या तसबिरींतून खाली उतरतात आणि त्यातली बरीचशी पुन्हा हाताने रेखाटली आहेत, तो मोठ्या चित्रपटापेक्षा चाहत्यांना जास्त भावला. हात अजून शिल्लक आहेत, हे त्यातून दिसले. पण काढले काय, तर पुन्हा जुनेच. लघुपटातही मोरच विणायचा असेल तर शाळा कसली?

रेषावेडा यांचे पुन्हा

सर्वांचे आभार. हिशोबनीस काकांचा तिकिटाचा मुद्दा मला टोचला आहे, त्यामुळे 'एलिओ' मी स्वतः चित्रपटगृहात पाहिला नव्हता हे सांगून टाकतो. येत्या रविवारी वर्गात ती नऊ मिनिटांची 'जुनी मिल' लावणार आहे. तिच्यात संवाद नाहीत, त्यामुळे घरी तेलुगू बोलणाऱ्या आणि मराठी बोलणाऱ्या मुलांना ती सारखीच कळेल. नंतर मुलांना आपल्या मिलमध्ये पावसाच्या रात्री कोण राहत असेल ते काढायला सांगेन. अट एवढीच की, टीव्हीवर पाहिलेला प्राणी चालणार नाही. कागद भिंतीवर टाचणीनेच लावू, म्हणजे काढून टाकता येतील.