मदत हवी आहे : पारिजातक आणि चाफा आत्ता हलवावा की पावसाळ्यात?

नमस्कार मंडळी. आमचं घर साताऱ्यात. मागे एक खोली वाढवायची आहे आणि पाया नेमका परसातल्या झाडांवरून जातोय. गवंडी अक्षय्य तृतीयेला काम सुरू करायचं म्हणतोय. सासूबाईंनी लावलेला पारिजातक (आठेक फूट उंच, खोड ३ इंच जाड), पांढरा देवचाफा, जास्वंद आणि कढीपत्ता हे सगळं पुढच्या अंगणात न्यायचंय. माती काळी. नर्सरीवाला म्हणतो आत्ताच काढा, शेजारचे काका म्हणतात मृगाआधी हात लावू नका. फाल्गुनातच ऊन तापलंय. बाकी काही झालं तरी पारिजातक जगायलाच हवा. कुणी एवढं झाड हलवलंय का?

प्रतिसाद १
ताई, सगळ्या झाडांना एकच वेळ लावू नका. देवचाफ्याची पानं आत्ता गळलेली असतील, तो लगेच हलवा. तुटलेल्या मुळांचा चीक सुकू द्या, मग लावा आणि पाणी बेतानं घाला, नाहीतर कुजतो. (सोनचाफा असता तर हे सांगितलं नसतं, त्याला मुळं दुखावलेली सोसत नाहीत.) कढीपत्ता मोठा काढण्यापेक्षा त्याच्या बुडाशी फुटलेली पिलं मुळांसकट वेगळी करा.

पारिजातक मात्र आर्द्रात. तयारी आत्ता करा. खोडापासून दीड फुटावर अर्ध्या वर्तुळात दीड फूट खोल चर खणा, मुळं धारदार हत्यारानं कापा, चरात माती-शेणखत भरून पाणी देत राहा. उरलेलं अर्धं वर्तुळ तीनेक आठवड्यांनी. जूनपर्यंत गड्ड्याच्या (मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्याच्या) आतच बारीक पांढरी मुळं फुटतात. पाणी ओढतात ती हीच, जाड मुळं नव्हेत. दोन-तीन चांगले पाऊस झाले की ढगाळ दिवशी, एक तृतीयांश फांद्या छाटून झाड गड्ड्यासकट काढा. जास्वंदही तेव्हाच.

प्रतिसाद २
काळी माती कोरडी असली की गड्डा फुटतो, म्हणून आदल्या दिवशी भरपूर पाणी द्या आणि गोणपाटात आवळून बांधा. खोडावर जमिनीची खूण करा, नव्या खड्ड्यात त्याहून खोल पुरू नका. नवी फूट येईपर्यंत खत नको. आणि शहरहद्दीत असाल तर नगरपालिकेच्या उद्यान विभागात आधी विचारून घ्या.

धागाकर्ती
खूप आभार! गवंड्याशी बोलले. पारिजातकाचा कोपरा तो आषाढापर्यंत सोडायला तयार आहे. उद्याच चर घेते. पण त्याला अजून चार-पाच शेंगा लटकताहेत, त्या काढू का?

प्रतिसाद १
काढा. बिया वाळवून ठेवा आणि पावसाळ्यात दोन-चार पेराही. मूळ झाडाला काही झालंच तर त्याचीच रोपं हाताशी असतील.