दशावताराचे फोटो, जुना १५००डी आणि आठ हजार रुपये: आधी काय शिकू?

मांडावरची
नमस्कार मंडळी. भावाने नवीन कॅमेरा घेतला आणि त्याचा जुना कॅनन १५००डी मला दिला. सोबत मिळालेली १८-५५ लेन्स आहे, बाकी काही नाही. आजवर मी फक्त फोनवर फोटो काढलेत. आमच्या गावची जत्रा (कुडाळ तालुका) तीन आठवड्यांवर आली आहे. रात्री देवळासमोर दशावतार असतो, माझे मामा राजपार्ट करतात. या हंगामानंतर ते काम थांबवणार आहेत आणि घरात त्यांचा वेशातला एकही धड फोटो नाही. तोंडाला रंग लावायला बसतात तिथपासून पहाटेपर्यंतचं सगळं मला टिपायचंय.

अडचण अशी की हिरव्या ऑटोवर ठेवला की फ्लॅश आपोआप वर येतो. कलाकारांच्या डोळ्यांवर तो मारायचा नाही, हे ठरलेलं आहे. फ्लॅश बंद केला की फोटो हलतात आणि चेहरे पिवळे येतात. घरी देवघरासमोर काढून बघितले, तीच गत.

कुठली सेटिंग्ज आधी शिकू? आणि आठ हजारांत घेण्यासारखं काही आहे का? त्यावर एक रुपयाही नाही, हे आत्ताच सांगते.

लेन्सवेडा_ठाणे
५० मिमी एफ १.८ एसटीएम. डोळे झाकून घ्या. तुमची किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत आलेली) ५५ वर एफ ५.६ देते, ही १.८ देते. एफचा आकडा लहान तितकं लेन्सचं भोक मोठं, म्हणजे जवळजवळ दहापट उजेड. जुनी चांगल्या अवस्थेतली तुमच्या बजेटमध्ये मिळून जाईल. मी सुरुवात हिच्यावरच केली, आता ७०-२०० एफ २.८ वापरतो. भाचीच्या अरंगेत्रमला सभागृहाच्या शेवटच्या रांगेतून काढलेले फोटो बघून तिच्या गुरूंनी माझा नंबर मागून घेतला होता.

फुलफ्रेम_पाटील
स्पष्ट बोलतो. १५००डी विकून टाका. ९ फोकस पॉइंट, नेहमीचा आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ६४०० ला संपतो. रात्रीच्या रंगमंचाला हा कॅमेरा नाहीच. मी आर६ मार्क २ घेतला, १२८०० वर बिनधास्त काढतो, डोळ्यावरचा फोकस सुटत नाही. थोडं थांबा, पैसे जमवा आणि एकदाच चांगलं घ्या.

मांडावरची
पाटीलसाहेब, जत्रा थांबत नाही हो. आणि बजेट आठ हजार आहे.

जुना_स्टुडिओ_सावंतवाडी
बाय, कॅमेरा विकू नको. आम्ही ४०० एएसएच्या (म्हणजे आजचा आयएसओ) रोलवर लग्नं आणि नाटकं काढली, तुझ्या हातातलं यंत्र त्यापेक्षा कितीतरी पुढचं आहे.

आधी वरचं डायल एमवर (मॅन्युअल, सगळे आकडे आपणच ठरवायचे) आण. एमवर फ्लॅश आपोआप उघडत नाही, ती काळजी तिथेच मिटली. फोकस लागला की होणारा टिक-टिक आवाज मेनूत जाऊन बंद कर.

आता तीन आकडे. लेन्स १८ वर (सगळ्यात रुंद), ॲपर्चर म्हणजे लेन्सचं भोक ३.५, शटर म्हणजे उजेड आत येण्याचा वेळ १/१०० सेकंद, आयएसओ ३२००. एक फोटो काढ आणि पडद्यावर मोठा करून फक्त चेहरा बघ. काळोखा असेल तर आयएसओ ६४००, चेहरा पांढरा फटक पडला तर १६००. ॲपर्चर आणि शटरला हात लावू नको. रंगमंचावरचे दिवे एकदा लागले की बहुधा रात्रभर तेच असतात, म्हणून एकदा बसलेले आकडे पहाटेपर्यंत चालतात.

१/१०० च का? आपली वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. १/५०० ठेवलास तर काही फोटोंत आडवे काळपट पट्टे येतील, एकाचा रंग दुसऱ्याला जुळणार नाही. १/१०० वर एक पूर्ण आवर्तन आत येतं. लढाईत तलवार फिसकटलेली येईल, येऊ दे. पण राजा संवादाचा शेवटचा शब्द टाकतो तेव्हा हात वर ठेवून क्षणभर थांबतोच. तुझे मामा कुठे थांबतात ते तुला पाठ असणार. बाहेरून आलेल्या फोटोग्राफरकडे कितीही महाग लेन्स असली तरी हे त्याला माहीत नसतं.

झूम ५५ कडे नेलास की ३.५ चं आपोआप ५.६ होतं आणि फोटो एकदम काळोखा येतो. कॅमेरा बिघडला असं समजू नको. परत १८ वर ये आणि चार पावलं पुढे जा.

सह्यभटक्या
नवशिक्या माणसाला थेट एम मोड? काका, तुमचा मान ठेवून सांगतो, असं केलं की लोक कंटाळून कॅमेरा कपाटात टाकतात. ताई, एव्ही मोड (ॲपर्चर आपण ठरवायचं, शटर कॅमेरा) आणि ऑटो आयएसओ ठेवा. मी हरिश्चंद्रगडापासून कासपर्यंत सगळं एव्हीवर काढलंय. आणि मीटरिंग (कॅमेऱ्याचं उजेड मोजणं) स्पॉटवर, म्हणजे मधल्या छोट्या ठिपक्यावर ठेवा.

जुना_स्टुडिओ_सावंतवाडी
कासची फुलं वाऱ्याने हलतात तेवढीच. एव्हीत शटर कॅमेरा ठरवतो, आणि त्याला काळजी तुमचा हात हलण्याची, समोरचा माणूस हलण्याची नाही. १८ वर तो खुशाल १/३० ला जाईल आणि नाचणारा गणपती पुसून टाकील. दिवसा डोंगरावर एव्ही उत्तम, मीही तोच वापरतो. इथे नाही.

आणि १५००डीत स्पॉट मीटरिंग नाहीच. पार्शल आहे, मधला साधारण दहा टक्के भाग बघतं.

सह्यभटक्या
पार्शल तर पार्शल. मुद्दा तोच आहे, चेहऱ्यावरून उजेड मोजा. आणि शेक कमी करायला लेन्सवर आयएसचं बटण आहे ना, ते चालू ठेवलं की १/३० सुद्धा चालतं. मी १/१५ वर धबधबा हातात धरून काढलाय.

जुना_स्टुडिओ_सावंतवाडी
आयएस तुमचा हात सांभाळतं. दशावतारातला राक्षस संकासूर उडी मारतो ती आयएसने थांबत नाही, त्याला शटरच लागतं.

संकासुरावरून आठवलं. तो नखशिखांत काळा, वर लाल जीभ. कॅमेरा समोर दिसेल ते सरासरी राखाडी करायला बघतो, म्हणून ऑटोत किंवा एव्हीत त्याला करडा करून टाकतो आणि शेजारी उभ्या भटजीचा चेहरा जळतो. एमवर आकडे बांधलेले असले की काळा काळाच राहतो. एव्हीवर असाल तर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड कमी-जास्त करणं) उणे एक करा. पांढरं धोतर फ्रेमभर असेल तेव्हा उलट, अधिक एक.

लेन्सवेडा_ठाणे
हे सगळं ५० एफ १.८ घेतली की सोपं होतं एवढंच मी म्हणतोय.

वेंगुर्ल्याचो_बाबलो
गो बाय, पयलो हवाबंद डबो घे. माझी ७५-३०० पावसात कपाटात रवली आणि आत बुरशी इली. दुरुस्तीवाल्यान लेन्साच्या निम्म्या किमतीचो आकडो सांगल्यान. आपल्या हवेत ह्या सगळ्यात आधी. डब्यात मूठभर तांदूळ टाक, झाला काम.

हेमांगी_के
तांदूळ नको! पूड उडते आणि झूमच्या फटीतून आत जाते. निळं सिलिका जेल घ्या. ओल शोषून गुलाबी झालं की कढईत मंद आचेवर तापवायचं, परत निळं होतं. डब्यात छोटा आर्द्रतामापक ठेवा, काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला की पुरे. बाकी ५० मिमीला माझाही +१.

वेंगुर्ल्याचो_बाबलो
आमच्या आजोबांचो रेडिओ तांदळात वर्षानुवर्षां बरो रवलो.

हेमांगी_के
रेडिओला भिंग नसतं, बाबलोभाऊ.

नवा_निकॉनी
मध्येच विचारतो, माफ करा. माझ्याकडे निकॉन डी३५०० आहे. ५० मिमी एफ १.८ डी लेन्स स्वस्तात मिळतेय. चालेल का?

हेमांगी_के
लागेल, पण ऑटोफोकस होणार नाही. डी३५०० च्या बॉडीत फोकसची मोटर नाही आणि त्या डी लेन्समध्येही नाही. एएफ-एस लिहिलेली १.८ जी बघा. धाग्याचा विषय वेगळा आहे, नवीन धागा काढलात तर सविस्तर सांगते.

डेट्रॉइटकर_मावशी
अगं, किती छान विषय! आमच्या इथल्या महाराष्ट्र मंडळात नाटक असतं तेव्हा मीच फोटो काढते. ट्रायपॉड घे, त्याशिवाय रात्री फोटो येत नाहीत. माझा कार्बन फायबरचा आहे, एका हातात उचलतो.

आणि तुला चष्मा आहे का? व्ह्यूफाइंडरच्या शेजारी एक छोटीशी चकती असते, ती फिरवून आतले आकडे आपल्या डोळ्याला स्वच्छ दिसतील असं करायचं. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. कितीतरी दिवस मला वाटायचं फोकसच लागत नाही.

मांडावरची
मावशी, ही चकती फिरवली आणि सगळं लख्ख दिसायला लागलं! भावाचा नंबर वेगळा, तोच लावलेला होता. मनापासून आभार.

ट्रायपॉडला मात्र जागा नाही. पहिल्या रांगेत पोरं मांडी घालून बसतात, त्यांच्यातच मी असणार.

जुना_स्टुडिओ_सावंतवाडी
ट्रायपॉडनेही माणसाची हालचाल थांबत नाही, नको घेऊ.

लेन्स घेण्याआधी एक कर. तुझ्या १८-५५ वर ५० चा आकडा आहे. झूमची रिंग तिथे आणून चिकटपट्टी लाव आणि घरात, अंगणात फिर. ५० मिमी घेतलीस तर एवढंच दिसणार आहे. १५००डीचा सेन्सर लहान असल्याने ती फुल फ्रेमवरच्या (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावरच्या) ८० मिमीसारखी वागते. जमतंय का ते बघ, मग पैसे काढ.

तोवर सरावासाठी पंखा लाव. १/३० वर काढ, १/१०० वर काढ, १/५०० वर काढ. पाती कशी बदलतात ते बघ, शटर समजेल. संध्याकाळी तुळशीपुढच्या पणतीशेजारी कुणाला तरी बसव आणि आयएसओ ८०० पासून ६४०० पर्यंत जा. दाणे (आयएसओ वाढला की फोटोत येणारा खरखरीतपणा) कुठे नकोसे वाटतात ते तुझं तूच ठरव. छापलेल्या फोटोत ते पडद्यावर दिसतात त्यापेक्षा खूपच कमी जाणवतात.

फुलफ्रेम_पाटील
६४०० वर १५००डीचा फोटो मला तरी बघवत नाही. पण असो, तुमची इच्छा.

हेमांगी_के
पिवळ्या चेहऱ्यांबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून सांगते. फोटो रॉमध्ये (कॅमेऱ्याची कच्ची मूळ फाइल) काढा, व्हाइट बॅलन्स (दिव्याच्या रंगाप्रमाणे फोटोचा रंग जुळवणं) ऑटोवर राहू द्या. घरी कॅननच्याच डिजिटल फोटो प्रोफेशनलमध्ये रंग दुरुस्त होतो, ते सॉफ्टवेअर फुकट आहे. रॉची एक फाइल साधारण २५ ते ३० एमबी, त्या हिशेबाने कार्ड ठेवा. रंगपटात एकच पिवळा बल्ब असेल तर व्हाइट बॅलन्समध्ये बल्बचं चिन्ह निवडा, तिथेच बराच फरक दिसेल. पण सगळा पिवळेपणा काढू नका, दिव्याखाली बसलेला माणूस थोडा उबदारच दिसायला हवा.

मांडावरची
चिकटपट्टी लावून फिरले. ५० वर आमच्या माजघरात माणसाचं तोंड आणि खांदे, एवढंच येतं. कलाकार रंगायला बसतात ती देवळामागची खोली याहून लहान आहे. मला तिथे मामा हवेत, त्यांच्या पुढचा आरसा हवा, शेजारी साडी नेसत असलेला स्त्रीपार्टचा कलाकार हवा, पेटीवाले चहा पिताना हवेत. रंगमंचावर तो एकुलता एक बाकडा, ज्याचं कधी सिंहासन होतं आणि कधी रथ, तो आणि समोर बसलेलं गाव एकाच फोटोत हवं.

म्हणून लेन्स घेत नाही. ट्रायपॉड नाही, नवीन कॅमेरा तर नाहीच. काकांच्या आकड्यांवर, १८ मिमीवर, जवळ बसून काढणार. पंख्याचा सराव केला. कालच्या भजनाला १/१००, ३.५, ३२०० वर काढले. बुवांच्या हातातली झांज थोडी हलली आहे, पण चेहरा स्वच्छ. दाणे दिसतात, माझी हरकत नाही.

आठ हजारांतून एक जादा बॅटरी आणि एक कार्ड. उरलेल्या पैशांत संचातल्या प्रत्येक कलाकाराचा वेशातला एक मोठा फोटो छापून त्यांना देणार. रात्रभर राजा होणाऱ्या माणसाच्या घरात राजाचा फोटो असायलाच हवा, असं मला फार वाटतं.

लेन्सवेडा_ठाणे
ताई, मग विचारलंत कशाला? छपाईचे पैसे लेन्समध्ये घातले असते तर लेन्स कायमची राहिली असती. पुढच्या वर्षी तरी घ्या.

सह्यभटक्या
भजनाचे फोटो इथे टाका की. एव्हीवर याहून चांगले आले असते असं अजूनही माझं मत आहे, पण बघायला आवडेल.

वेंगुर्ल्याचो_बाबलो
आणि डबो?

मांडावरची
डबा घेतला, सिलिका जेलसकट. तांदूळ नाही घातले, रागावू नका.

जुना_स्टुडिओ_सावंतवाडी
बॅटरी एलपी-ई१० घे, १५००डीला तीच लागते. दोन्ही आदल्या दिवशी पूर्ण चार्ज कर. दर फोटोनंतर पडदा बघत बसू नको, बॅटरी त्यातच संपते आणि समोरचं निसटतं. रंगपटात शिरण्याआधी संचाच्या मालकांना विचार. मामाची भाची असलीस तरी विचार.

मांडावरची
मालकांना विचारलं, हो म्हणाले. फक्त आरतीच्या वेळी आत कॅमेरा नको म्हणाले, तो मी बाहेरच ठेवीन. एलपी-ई१० मागवली आहे.