उड्डाणपुलाला नाव असलेल्या मृणालताई गोरे कोण होत्या? मुलीला काय सांगू?

नवी_गोरेगावकर:
आम्ही दोन वर्षांपूर्वी नागपूरहून गोरेगावला राहायला आलो. मुलगी सातवीत आहे. राम मंदिर स्टेशनकडे जाताना रोज 'मृणालताई गोरे उड्डाणपूल' ही पाटी दिसते, म्हणून तिने विचारलं, "आई, या कोण?" पाण्यासाठी मोर्चे काढणाऱ्या 'पाणीवाली बाई' एवढंच मला ठाऊक होतं. शाळेत तिला पाच मिनिटं बोलायचंय. शोधलं तर नुसत्या पदांच्या याद्या मिळतात. त्यांना पाहिलेल्या कुणी सांगेल का, की ही बाई नेमकं काय करत होती?

दादरचा_वाचक:
थोडक्यात सांगतो. जन्म 1928, निधन जुलै 2012. राष्ट्र सेवा दल या समाजवादी विचारांच्या संघटनेच्या कामासाठी डॉक्टरकीचं शिक्षण सोडलं. 1961 मध्ये नगरसेविका, 1972 मध्ये आमदार, 1977 मध्ये उत्तर मुंबईच्या खासदार. तेव्हाची 'पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात' ही घोषणा मुलीला नक्की सांगा, वर्ग लक्षात ठेवेल. दिल्लीवाली बाई म्हणजे त्या निवडणुकीत हरलेल्या इंदिरा गांधी.

चाळीतली_काकू:
घोषणा सांगा, पण तिथे थांबू नका. मी 1970 साली लग्न होऊन गोरेगावच्या चाळीत आले, तेव्हापासून इथेच आहे. ताईंना जवळून पाहिलंय, त्यांच्या मागून चाललेय.

आधी घरचं सांगते. त्यांचे यजमान केशव गोरे, सगळे बंडू गोरे म्हणायचे, 1958 साली गेले. मुलगी लहान होती. त्या वयाची विधवा घराबाहेर पडली तरी लोक बोलायचे. ताईंनी त्यांच्या नावाने स्मारक ट्रस्ट उभा केला आणि काम दुप्पट केलं. गोरेगाव मुंबई महापालिकेत आलं 1957 साली, पण हद्द वाढली म्हणून नळाला पाणी येत नाही. वस्ती वाढत गेली, पाइप जुनेच. नळावरची भांडणं मी पाहिली आहेत, पहाटे तीनला उठून हंडे लावणाऱ्या बायका पाहिल्या आहेत.

ताईंची रीत अशी की आधी बसून ऐकायचं. कोणत्या गल्लीत पाणी किती वाजता येतं, किती वेळ टिकतं, ते बायकांनाच विचारायचं. मग अर्ज, मग सभागृहात प्रश्न, आणि तरीही हललं नाही तर रिकामे हंडे घेऊन मोर्चा. लोकांना मोर्चाच आठवतो. त्याच्या आधीचं ते चिकाटीचं लिहिणं-विचारणं मुलीला सांगा, कारण अधिकाऱ्यांना धाक त्याचा होता. आकडे चुकलेले सापडायचे नाहीत.

1972 च्या दुष्काळात तेल, साखर, रॉकेल सगळंच मिळेनासं झालं. तेव्हा महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती झाली. ताई समाजवादी, अहिल्याताई रांगणेकर मार्क्सवादी कम्युनिस्ट, ताराबाई रेड्डी भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या. पक्ष वेगळे असले तरी बायका एका रांगेत. लाटणं हातात घेऊन आम्ही रस्त्यावर उतरलो, थाळ्या वाजवल्या, मंत्र्यांना घेराव घातले. माझ्या सासूबाई कधी एकट्या बाजारातही जात नसत, पण त्या मोर्च्याला आल्या. घरात त्यांच्या शब्दाला वजन आलं ते त्यानंतर. हा बदल कुठल्याच यादीत सापडणार नाही, पण आमच्या चाळीत तो घरोघर झाला.

आणीबाणीत ताई भूमिगत राहिल्या, मग पकडल्या गेल्या. अकोल्याच्या तुरुंगात एकट्या कोठडीत होत्या, शेजारी कुष्ठरोगी आणि मनोरुग्ण बायका. सुटून आल्या आणि निवडणूक जिंकली. पंतप्रधान मोरारजीभाई देसाईंनी मंत्रिपद देऊ केलं, ते त्यांनी घेतलं नाही. मला याचा आजही अभिमान वाटतो.

नवी_गोरेगावकर:
काकू, किती छान सांगितलंत! मुलीला वाचून दाखवलं. ती विचारतेय, आमदार होऊन त्यांनी एखादा कायदा केला का?

निवृत्त_परिचारिका:
मी उत्तर देते, कारण हे माझ्या हॉस्पिटलच्या वॉर्डातलं आहे. ऐंशीच्या दशकात गर्भजल तपासून मुलगी आहे कळलं की गर्भपात, असा धंदा सुरू झाला होता. आत्ता 500 खर्च करा, पुढे 5 लाख वाचवा, अशा आशयाच्या जाहिराती लागायच्या. महिला संघटनांनी आवाज उठवला आणि मृणालताईंनी अशा चाचण्यांविरुद्ध विधानसभेत अशासकीय विधेयक, म्हणजे सरकारने नव्हे तर आमदाराने स्वतः आणलेलं विधेयक, मांडलं. 1988 साली महाराष्ट्रात कायदा झाला, देशातला पहिला. केंद्राचा कायदा 1994 चा. तुमची लेक सातवीत आहे ना? तिला हे जरूर सांगा.

चाळीतली_काकू:
बरोबर. आणि दिंडोशीची नागरी निवारा ही घरांची वसाहत राहिलीच. 1976 च्या नागरी कमाल जमीन धारणा कायद्याने शहरात कुणाकडे मर्यादेपेक्षा जास्त असलेली जमीन गरिबांच्या घरांसाठी मिळायला हवी होती. ती सहजासहजी मिळेना. ताई, बाबूराव सामंत आणि प. बा. सामंत यांनी सरकारदरबारी आणि कोर्टात वर्षानुवर्षं झगडून ती मिळवली. 6 हजारांहून जास्त घरं उभी राहिली. गिरणी कामगार, कारकून, घरकाम करणाऱ्या बायका असे लोक तिथे स्वतःच्या घरात राहायला गेले. माझी नणंद त्यातलीच एक, दोन खोल्यांतून तिने तीन मुलं शिकवली.

पाच मिनिटांत एवढं सगळं मावणार नाही, तर मी पाणी आणि नागरी निवारा हेच दोन घेतले असते. आणि रविवारी मुलीला घेऊन केशव गोरे स्मारकात जा. अत्याचार झालेल्या बायकांसाठी तिथे 'स्वाधार' केंद्र 1983 मध्ये सुरू झालं, त्याची चौकशी करा. बोलायला माणसं मिळतील. नाही मिळाली तर मला निरोप धाडा, मी येते तुमच्याबरोबर.