घरगुती औषधं: काय घेता, किती घेता आणि कधी फसलात?

सर्दी, खोकला, अपचन यासाठी दर वेळी दवाखान्यात कोण पळणार, आमच्याकडे निम्मी दुखणी घरीच निभतात. पण काय लागू पडलं तेवढंच काय अंगाशी आलं तेही कळायला हवं, म्हणून विचारतेय. ऐकीव नको, स्वतःचं किंवा घरातलं लिहा, किती दिवस घेतलं, सोबत कुठल्या गोळ्या चालू होत्या तेही सांगा. सुरुवात मीच करते.

ज्येष्ठमध. घसा बसला की कांडी तोंडात धरायची, इतकं साधं. सासूबाईंना ते एवढं आवडलं की घसा बरा झाला तरी सवय सुटेना, दिवसभर गालात कांडी आणि वर रात्री काढा, असे दोनेक महिने गेले. मग पाय सुजायला लागले, गोळी चालू असून बीपी चढतच चाललेलं, डोस वाढवला तरी तेच. रक्त तपासलं तर पोटॅशियम कमी. डॉक्टरांनी दोनदा विचारलं, "अजून काही घेता का?" आणि दोन्ही वेळा आम्ही दोघी ठामपणे "नाही" म्हणालो, कारण ज्येष्ठमध म्हणजे काही "घेणं" आहे हे डोक्यातच नव्हतं! तिसऱ्या वेळी चष्मा काढताना सासूबाईंच्या पर्समधून कांडी बाहेर पडली. त्यातलं ग्लिसिरायझिन अंगात मीठ-पाणी धरून ठेवतं आणि पोटॅशियम बाहेर टाकतं म्हणे. बंद केल्यावर काही आठवड्यांनी बीपी उतरलं. तेव्हापासून फ्रिजवर कागद लावलाय, चूर्ण, काढा, चाटण सगळं तारखेसकट त्यावर.

*

मी इसबगोलवाला. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी, आणि लगेच तिच्या मागोमाग इसबगोल, म्हटलं एकदाच काय ते उरकून टाकू. टीएसएच (रक्तातला हा आकडा वाढला म्हणजे थायरॉइड कमी पडतंय) वाढतच गेलं, कारण गोळी नीट शोषलीच जात नव्हती. आता इसबगोल रात्री, तेही ग्लासभर पाण्यात. एकदा घाईत घोटभर पाण्याबरोबर घेतलं तर फुगून घशातच बसलं, परत तसलं धाडस नाही.

*

बाळ ८ महिन्यांचं, कफ झालेला. आई म्हणे मध चाटव, तुम्ही सगळे त्यावरच वाढलात. मी नाही म्हटलं, १ वर्षाच्या आत मध नाहीच, त्यात बोटुलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात आणि इतक्या लहान आतड्यात ते वाढून विष तयार करतात. दोन दिवस अबोला. पण खरी चूक माझ्याच हातून झाली, मोठीला वाफारा देताना. उकळतं पाणी, डोक्यावर टॉवेल, तिचा हात लागला आणि पातेलं मांडीवर. पुढचं लिहीत नाही, डाग अजून आहेत. आता नाक चोंदलं की सलाइनचे थेंब. निलगिरी तेलाची बाटली कपाटात सगळ्यात वर, पोटात गेलं तर लहान मुलांना झटके येऊ शकतात. मोठीला मात्र झोपताना अर्धा चमचा मध देते, खोकल्याला खरंच बरा पडतो, तेवढं आईचं मान्य केलं.

*

दाढदुखीला लवंगेचं तेल! त्यातल्या युजेनॉलने जागा बधिर होते, ५ मिनिटांत स्वर्ग. त्या स्वर्गात मी ३ आठवडे काढले, दुखणं थांबलं म्हणजे कीड गेली असं समजून. शेवटी गाल सुजला आणि रूट कॅनाल. शिवाय तेल पातळ न करता तसंच लावायचो, हिरडी भाजून पांढरी पडली ती वेगळीच.

*

कोरफड. पान कापल्यावर पिवळा चीक येतो ना, तो गरासकट मिक्सरमधून काढून प्यायले. पुढचा अख्खा दिवस संडासात. चीक जुलाबाचं औषध असतो हे नंतर कळलं. आता कोरफड फक्त त्वचेवर.

*

सगळे घाबरवताय राव. मळमळीवर आलं घ्या ना, प्रवासात वर्षानुवर्षं चघळतोय, काही झालं नाही. आणि मलेरियावरचं आर्टेमिसिनिन झाडातूनच आलं की, चीनच्या शास्त्रज्ञ तू योयो बाईंना २०१५ चं नोबेल त्याचंच मिळालं.

*

मिळालं, पण आधी अर्क निकामी ठरत होते, उष्णतेने सत्त्व जातं म्हणून त्यांनी कमी तापमानाला ईथरने अर्क काढला, उंदरांवर-माकडांवर तपासला आणि मग स्वतः घेऊन पाहिला. आपण किती तपासतो? आल्याला माझीही ना नाही हो, उलट्या होत होत्या तेव्हा मलाही उपयोग झालाय.

*

बरं मग एक कबुली. पुढच्या महिन्यात हर्नियाचं ऑपरेशन आहे आणि मी रोज लसणीच्या कॅप्सूल घेतो. त्या सांगायच्या असतात का?

*

आजच फोन करा! रक्त गोठायला वेळ लागू शकतो, असलं काही बरेचदा २ आठवडे आधी बंद करायला लावतात.

*

केला फोन. बंद करायला सांगितल्या. आल्याचं विचारायचं राहिलंच, उद्या परत करतो.