मदत हवी आहे: वाळूजला कामगारांसाठी रविवारचा अभ्यासवर्ग

नमस्कार मंडळी. मी वाळूज एमआयडीसीतल्या एका कारखान्यात युनियनचं काम बघतो. मागच्या महिन्यात आमच्या एका पोराला शोकॉज (कारणे दाखवा) नोटीस आली. त्यानं घाबरून, कुणालाच न विचारता "चूक झाली, माफी असावी" असं लिहून सही केली. चौकशीत तोच कागद त्याच्यावर उलटला. आम्ही कमिटीचे लोक शेजारी बसून नुसतं ऐकत होतो, उलटतपासणीत काय विचारायचं हेच माहीत नव्हतं. फार लागलं मनाला.

त्यात २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता (जुने कामगार कायदे एकत्र करून केलेले नवे कायदे) लागू झाल्या. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातलं जे थोडंफार पाठ होतं, तेही आता नव्यानं शिकायचंय.

केंद्र सरकारचं कामगार शिक्षण मंडळ १९५८ पासून असे वर्ग घेतं. त्यांचा वर्ग कुणी आपल्या कारखान्यात ठेवलाय का? अर्ज युनियननं द्यायचा की मॅनेजमेंटमार्फत? नोटिशीला उत्तर लिहिणं, चौकशीत बाजू मांडणं, पगारपत्रक वाचणं हे मराठीत शिकवणारं संभाजीनगर-जालना भागात कुणी आहे का? निम्मी पोरं कंत्राटी आहेत, गंगापूर-पैठणहून येतात, त्यामुळं रविवारची सकाळच जमेल.