सजेशन पेटीत कंत्राटी माणसाची चिठ्ठी चालते का?

कृष्णाकाठ
कुपवाड एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये मी प्लॅनिंग बघतो. गेल्या वर्षी कंपनीनं ‘माणूस केंद्रस्थानी’ असा कार्यक्रम काढला. पुण्याचे सल्लागार आले, कॅन्टीनच्या भिंतीवर फ्लेक्स लागले, गेटजवळ कैझेनची, म्हणजे कामातल्या छोट्या सुधारणा सुचवायची पेटी बसली, महिन्याच्या उत्तम सूचनेला रोख बक्षीस. यात वाईट काही नाही.

आता एक प्रसंग. आमच्या एका लेथवर कास्टिंगचा, म्हणजे ओतीव मालाचा बिन जमिनीवरच ठेवलेला असायचा. माल संपत येईल तसं ऑपरेटरला आणखी खाली वाकायला लागायचं, पाळीभर. तिथल्या हेल्परनं स्क्रॅपमधले अँगल गोळा केले, वेल्डरला मस्का लावून कमरेइतका तिरका स्टँड करून घेतला आणि पुढं पट्टीचा स्टॉपर लावला. आता माल आपोआप पुढं घसरतो, वाकणं बंद. सूचना पेटीत टाकायला गेला तर फॉर्मवर ‘एम्प्लॉयी नंबर’चा रकाना. हा ठेकेदाराचा माणूस, त्याला नंबर कुठला? फॉर्म ऑपरेटरच्या नावानं गेला. बक्षीसही त्याला, फोटोही त्याचा. ऑपरेटर भला म्हणून सगळ्यांना वडापाव तरी मिळाला.

कुणाला कोणतं काम येतं ते दाखवणाऱ्या स्किल मॅट्रिक्सच्या बोर्डावरही या पोराचं नाव नाही. ऑपरेटर रजेवर गेला की मशीन मात्र तोच चालवतो. माझ्या मते शॉपवरची निम्मी माणसं ज्या बदलात धरलेलीच नाहीत, त्याला माणसांचा विकास म्हणू नये. तुमच्याकडं काय चाललंय?

मिरजेचा_लघुउद्योजक
दादा, पगारदार माणसाला हे लिहायला सोपं आहे. माझ्याकडं सगळे मिळून चौदा जण. पेटी नाही, एचआर नाही, फ्लेक्स नाही. प्रत्येकाच्या घरी कोण आजारी आहे ते मला माहीत असतं.

पण माणसावर खर्च करायचा तर तो कुठनं? बड्या कंपन्या दरवर्षी भाव कमी करून मागतात. सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकवायचं, असं कायदा म्हणतो. नाही चुकवलं तर घेणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी आयकरात धरता येत नाही, हेही आता आहे. मग ते काय करतात? माल ‘स्वीकारल्याची’ तारीखच पुढं ढकलतात.

आणि शिकवलेलं पोरगं टिकतं का? आयटीआयचा मुलगा घेतला, व्हीएमसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर) सेटिंग शिकवलं, दोन इन्सर्ट (कटरची पाती) मोडले ते सोसले. हात बसला तसा तो चाकणला गेला. तिथं तीन हजार जास्त. जाताना पाया पडून गेला, एवढंच.

कृष्णाकाठ
@मिरजेचा_लघुउद्योजक, चाकणला गेलेल्याचं दुःख कळतं. पण जो गेला नाही त्याला तुम्ही काय दिलंत, हे नाही लिहिलंत.

मिरजेचा_लघुउद्योजक
जो गेला नाही त्याला दिवाळीला पूर्ण पगार बोनस दिलाय. विचारा येऊन.

साताऱ्याची_एचआर
मी दुसऱ्या बाजूनं लिहिते, शिव्या पडतील. त्या पोराला नंबर न देण्यामागं बहुतेक वेळा दुष्टपणा नसतो, वकिलाचा सल्ला असतो. स्टील अथॉरिटीच्या खटल्यात २००१ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की ठेका पद्धत बंद झाली म्हणून कंत्राटी कामगार आपोआप कायम होत नाही. पण ठेका नुसता देखावा निघाला तर तो कंपनीचाच माणूस ठरतो. मग कोर्ट बघतं की त्याला काम कोण सांगतं, त्याच्यावर देखरेख कुणाची. तुम्ही त्याला ट्रेनिंग द्या, बोर्डावर नाव लावा, मॅनेजरच्या हातून बक्षीस द्या, की उद्या तेच कागद पुरावा म्हणून समोर येतात. म्हणून आम्ही अंतर ठेवतो. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाहीये. पण निव्वळ फॉर्म बदलून हे सुटेल असं समजू नका.

वाडीकर_काका
आमचं आयुष्य किर्लोस्करवाडीजवळ गेलं. लक्ष्मणरावांनी १९१० साली औंधच्या राजेसाहेबांकडून मिळालेल्या निवडुंगाच्या माळावर कारखाना उभा केला. नांगर काढले, आणि सोबत कामगारांसाठी गावही वसवलं. तिथं कुणी ‘केंद्रस्थानी’ असा फ्लेक्स लावला नव्हता. हल्ली घर नाही, नोकरीचा भरवसा नाही, आणि म्हणे योगा डे.

माणदेशी_लेक
काका, आदर आहे, पण मालकानं बापासारखं वागावं ही अपेक्षा मला नको वाटते. बाप चांगला असला तर ठीक, नाहीतर काय? मला म्हसवडचं उदाहरण जवळचं वाटतं. माणदेशी महिला बँक १९९७ मध्ये सुरू झाली, त्याआधी रिझर्व्ह बँकेनं परवाना नाकारला होता, कारण काही प्रवर्तक बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. बायका साक्षरतेच्या वर्गाला बसल्या आणि परत जाऊन म्हणाल्या की व्याजाचा हिशेब आम्ही तोंडी करतो, तुमच्या साहेबांनी करून दाखवावा. तिथं बायका नुसत्या लाभार्थी नाहीत, संचालक मंडळावर आहेत. पेटी ठेवणं आणि मिटिंगला खुर्ची देणं यात फरक आहे.

मिरजेचा_लघुउद्योजक
ताई, खुर्ची देतो. पण कर्जाच्या कागदावर सही माझी एकट्याची असते, तीही त्यांनी करावी मग.

वाडीकर_काका
आणि साताऱ्याच्या कर्मवीर अण्णांचं विसरू नका. तरुणपणी त्यांनी नांगर विकले, १९१९ ला रयत शिक्षण संस्था काढली. कमवा आणि शिका ही खरी माणूस घडवणारी पद्धत.

बेंच_फिटर
काका, राग मानू नका, पण त्याच नावाखाली आज काय चाललंय ते बघा की ओ. डिप्लोमाची पोरं ‘ट्रेनी’ म्हणून स्टायपेंडवर घेतात आणि पहिल्या आठवड्यापासून उत्पादनाला उभी करतात. वर्षभर एकच भोक पाडायचं. कमवा हाय, पण लई थोडं. शिका कुठाय? अप्रेंटिस कायदा १९६१ चा आहे, त्यात शिकवणं ही मालकाची जबाबदारी आहे. अण्णांच्या वसतिगृहात पोरगं राबायचं ते स्वतःच्या शिक्षणासाठी.

साताऱ्याची_एचआर
@बेंच_फिटर, हे मान्य. आणि फ्लेक्सबद्दल एक. क्वालिटीवाले ज्या डेमिंगचं, म्हणजे अमेरिकन गुणवत्तातज्ज्ञाचं नाव घेऊन ऑडिट करतात, त्याच्या चौदा मुद्द्यांत आठवा आहे कामावरची भीती घालवणं, आणि दहावा आहे कामगारांसाठीच्या घोषणा काढून टाकणं. आमच्या कंपनीत हे दोन्ही मुद्दे फ्लेक्सवर छापलेत. 😑

वाट एकच दिसते: ठरावीक मुदतीची नेमणूक. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या, त्यात असा कामगार थेट कंपनीच्या रोलवर (पटावर) येतो आणि त्याला वर्षभरानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो, पाच वर्षं थांबायला नको. रोलवर आला की नंबर आला, बोर्डावर नाव लावायला वकिलाची भीती नाही.

बेंच_फिटर
आणि मुदत संपली की? नंबरही गेला, बोर्डावरचं नावही. कायमची जागा निघायची ती यानं आणखी बंद होणार.

साताऱ्याची_एचआर
तो धोका आहे, मी नाकारत नाही. पण आज त्या हेल्परकडं काय आहे, ते सांगा.

ठेक्यावरचा_सुपरवायझर
मी ठेकेदाराकडं आहे, म्हणजे दोन्हीकडून बोलणी खाणारा. @कृष्णाकाठ, रकाना काढून टाकायला सांगा, तेवढं होईल. पण बक्षीस आमच्या बिलातून देऊ नका. मनुष्यबळाच्या बिलावर १८ टक्के जीएसटी, वर सर्व्हिस चार्ज. अकाउंट्सवाला दुसऱ्या महिन्यातच म्हणेल, पाचशेचं बक्षीस एवढ्याला का पडतंय, बंद करा. गेट पासचा नंबर चालतो की, तो प्रत्येकाकडं असतो.

दुसरं, बिनचा स्टँड केला तेव्हा पोराला ‘तुझं काम सोडून वेल्डिंगकडं काय करत होतास’ म्हणून आमच्याच माणसानं झापलं असणार. पेटीवाल्यांनी आधी त्याचं बघावं.

कृष्णाकाठ
झापलं होतं. गेट पासचं सोमवारच्या मिटिंगला मांडतो. ठरावीक मुदतीचं मांडायची माझी पायरी नाही, पण @साताऱ्याची_एचआर, तो मुद्दा एका पानात लिहून दिलात तर आमच्या प्लांट हेडपर्यंत पोचवीन.

मिरजेचा_लघुउद्योजक
मलाही पाठवा मॅडम. आणि त्या स्टँडचा फोटो टाका कुणीतरी, माझ्या ऑपरेटरचीही कंबर धरली आहे.